बुधवारपासून सुरू होणारा शुक्रवार

व्यसनमुक्ती केंद्रातून पहिल्यांदा घरी आलो, तेव्हा बायकोने शिरा केला होता. दुसऱ्यांदा आलो, तेव्हा तिने दार उघडलं, हातातली पिशवी घेतली आणि म्हणाली, "पाणी तापलंय, आंघोळ करून घ्या." मला वाईट वाटलं नाही. उलट जरा सुटल्यासारखं झालं. कुणाच्या आशेला पुरं पडण्याइतकं त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

मी तेव्हा हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग करायचो. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधणं हे काम, आणि ते मला चांगलं जमायचं. नागपूरकडून आलेला, घरातला पहिला इंजिनिअर. वडील सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. रविवारी विहारात ते खणखणीत आवाजात पंचशील म्हणत. पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं. सुट्टीत घरी गेलो की मी त्यांच्या शेजारी बसून चार शीलं मोठ्याने म्हणायचो आणि पाचव्याला नुसते ओठ हलवायचो. त्यांच्या ते लक्षात येत होतं की नाही, विचारायची माझी हिंमत झाली नाही.

माझं पिणं शुक्रवारचं. आठवडा संपला की कंपनीच्या बसमधून वाकडला उतरायचं, समोरच्या दुकानात शिरायचं. पुढे पुढे शुक्रवारी सुरू झालेली दारू सोमवारीही थांबेना, म्हणून केंद्र.

केंद्राने दर शनिवारी सकाळी बैठकीला यायला सांगितलं होतं. तिथे प्रत्येक नव्या माणसाला एक जुना सोबती मिळे. माझ्या वाट्याला आले ते मार्केट यार्डातले हमाल. पन्नाशीचे, रुंद खांद्यांचे, दारू सोडून बरीच वर्षं झालेली. हे मला काय शिकवणार, असंच माझ्या मनात आलं. खोटं कशाला बोलू.

"शेवटचं कधी सुरू झालं, साहेब?" त्यांनी विचारलं.

"शुक्रवारी. बसमधून उतरलो, समोर दुकान होतं."

"दुकान तर रोज असतंय. मंग मंगळवारी का न्हाई सुरू झालं?"

त्यांनी मला एक वही करायला सांगितली. "पिण्याचं लिहू नका. त्याच्या आधीचं तीन दिवस आठवून लिहा. काय खाल्लं, कुणाशी भांडलात, समदं."

बस वाहतुकीत अडकली की मी लिहायचो. आठवेल तेवढे जुने शुक्रवार मागे मागे जाऊन लिहिले. चार पानं झाल्यावर हात थांबला. जवळजवळ प्रत्येक शुक्रवारच्या आधी बुधवारी घरात भांडण होतं, आणि ते मी काढलेलं होतं. कधी भाजीत मीठ कमी, कधी तिच्या भावाचा फोन, कधी जेवणाच्या टेबलावर पसरलेले तिच्या शाळेतल्या मुलांचे पेपर. गुरुवारी अबोला. शुक्रवारी दुपारपासून एकच विचार डोक्यात फिरायला लागायचा: घरी जाऊन करायचं काय, तिथे मला समजून घेणारं आहे कोण? तो विचार इतका खरा वाटायचा की डोळ्यांत पाणी यायचं. प्यायला कारण हवं म्हणून मी ते दोन दिवस आधीच तयार करून ठेवत होतो.

ते पान मी बायकोला वाचून दाखवलं. ती पेपर तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"तुमचं बुधवारचं. बुधवारी मी तुम्हाला उत्तरच देत नाही. चार वर्षं झाली."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं एकदा, मंगळवारी. त्या आठवड्यात तुम्ही बुधवारची वाटसुद्धा पाहिली नाहीत."

त्यानंतर काही महिने बरे गेले. बुधवारी मी ताटात पडेल ते गुपचूप खायचो. संध्याकाळी एक थांबा आधी उतरून दुसऱ्या रस्त्याने घरी चालत यायचो. मला वाटलं, चूक सापडली, दुरुस्त झाली.

मग एका शुक्रवारी आमचं मोठं काम वेळेवर पूर्ण झालं. परदेशातल्या क्लायंटने फोनवर सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. साहेबांनी हात मिळवला, लवकर घरी जा म्हणाले. स्वच्छ ऊन होतं. त्या आठवड्यात भांडण नाही, अबोला नाही. बसमध्ये मनात अगदी सभ्यपणे एक विचार आला: तू आता तो माणूस राहिला नाहीस. बरा झालेल्याला एका बिअरने काय होणार? आधीचा थांबा आला आणि गेला. मी जागेवरून उठलो नाही.

एकावर थांबलं नाही. घरी पोचलो तेव्हा अजून उजेड होता. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि पेपरांचा गठ्ठा घेऊन आतल्या खोलीत गेली. तिने दारही आपटलं नाही.

शनिवारी सकाळी डोक्यात दुसरंच सुरू झालं. एवढे महिने फुकट गेले, आता राखायचं काय राहिलं, मग आजही प्यायला काय हरकत आहे? बैठकीत तोंड दाखवायची लाज वाटत होती. हमालकाकांना फोन केला.

"आज बैठकीला न्हाई, ट्रक आलाय," ते म्हणाले. "तुम्ही हिकडंच या."

ते गाळ्यासमोर बटाट्याची पोती उतरवत होते. मी सगळं सांगितलं. सांगता सांगता रडलो. त्यांनी टॉवेलने मान पुसली.

"काल प्यालात."

"हो."

"आज?"

"अजून नाही."

"मंग बसा तिथं. ट्रक रिकामा व्हायचाय."

रागावतील किंवा धीर देतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी दोन्हींपैकी काहीच केलं नाही. मी पोत्यावर बसून राहिलो. अकराच्या सुमारास तलफ आली. तळवे ओले झाले, जीभ कोरडी पडली, उठून चालू लागावं असं वाटलं. पण गेटकडे जायचं तर काकांच्या समोरूनच जावं लागणार होतं. थोड्या वेळाने तलफ आपोआप ओसरली. इतक्या वर्षांत मी ती ओसरेपर्यंत कधी थांबलोच नव्हतो.

दुपारी हात धुऊन ते शेजारी बसले. "वहीत लिवा, आनंद झाला व्हता."

"पण ते काही भांडण नाही."

"निमित्त तर हाय न्हवं? तुमाला सुखाचं बी चालतंय."

त्यानंतर मी प्यायलो नाही. याला विजय वगैरे म्हणावंसं वाटत नाही. रोज स्वतःवर पहारा ठेवून माणूस थकतो, आणि ते थकणं कुणाला दिसत नाही. काही वर्षांनी काका पाठीच्या दुखण्याने काम सोडून गावी गेले. आम्हाला मुलगी झाली, ती मोठी झाली.

तिचा दहावीचा निकाल लागला त्या दिवशी घरात पेढे, शेजारीपाजारी, फोनवर फोन. मी कुणाला न सांगता गच्चीवर जाऊन बसलो. थोड्या वेळाने बायको वर आली.

"काय झालं?"

"काही नाही. फार आनंद झालाय."

तिने विचारलं नाही, मग इथे का बसलात म्हणून. टाकीच्या सावलीत माझ्या शेजारी बसली. खालून मुलीच्या हाका येत होत्या. "आम्ही येतो गं, दहा मिनिटांत," तिने वरूनच सांगितलं. दहाची वीस मिनिटं झाली, मग आम्ही खाली गेलो.