माझ्या सहीची उपासाची यादी

साळवेभाऊंना व्हीलचेअरमधून उठताच येईना. पायांत जोर नव्हता. नाडी बेचाळीस. सोमवारची सकाळ, जोगेश्वरीतलं आमचं डायलिसिस सेंटर. मी तिथली डाएटिशियन.

डॉक्टरांनी ईसीजी पाहिला. "पोटॅशियम चढलंय. काय खाल्लं यांनी?"

त्यांच्या बायकोने, रूथवहिनींनी, पर्समधून घडी घातलेला कागद काढला. "यादीतलंच खाल्लं, डॉक्टर. बाहेरचा एक घास नाही."

"यादी कुणी दिली?"

"मी," मी म्हटलं.

दोन आठवड्यांपूर्वी साळवेभाऊंनीच ती मागितली होती. "मॅडम, आमच्या चर्चची मंडळी दानीएलचा उपास धरतेय. एकवीस दिवस. नीट लिहून द्या ना, प्रत्येक जण वेगळंच सांगतो." बायबलमधल्या दानीएलने राजाच्या ताटातलं मांस आणि द्राक्षारस नाकारला, भाजीपाला खाल्ला, पाणी प्यायला. त्यावरून हा उपास. उपाशी राहायचं नसतं, निवडून खायचं असतं.

मंडळीत वाटायला हवी असेल, असं धरून मी दोन रकाने केले. चालेल: फळं, भाज्या, डाळी, कडधान्यं, ज्वारी, नाचणी, सुकामेवा, पाणी. चालणार नाही: मटण, मासे, अंडी, दूध, साखर, मैदा, यीस्टचा पाव, चहा-कॉफी, तळलेलं. खाली फायदे: वजन उतरतं, बीपी आणि कोलेस्टेरॉलला मदत होते, पोट साफ राहतं. त्याखाली सही आणि सेंटरचा शिक्का. धडधाकट माणसासाठी यादी चोख होती.

किडनी बंद पडलेल्या माणसासाठी तिचा डावा रकाना विष होता. फळं, पालेभाज्या, कडधान्यं, खजूर यांत पोटॅशियम भरपूर. चांगली किडनी जास्तीचं बाहेर टाकते. इथे ते रक्तात साठतं आणि हृदय थांबवतं. म्हणून आमच्या पेशंटने भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी ओतून द्यायचं. वहिनी सहा वर्षं हे करत होत्या.

"आता का नाही केलं?" मी विचारलं.

"यादीत नव्हतं ना. सही तुमची होती. मला वाटलं, उपासापुरतं तुम्ही सोडलंय. पालकाचं सूप, राजमा, सकाळी चार खजूर. खूश होते हो."

खूश होते, मलाही माहीत होतं. शुक्रवारी डायलिसिसला आले तेव्हा म्हणाले, "उपास चालू आहे बरं का." आमचे पेशंट घसरतात ते जास्त पाणी पिण्यात, आणि ते वजनात दिसतं, म्हणून मी फक्त वजन पाहिलं. दोन डायलिसिसच्या मध्ये त्यांचं साडेतीन किलो वाढायचं, या वेळी दीडच. मी म्हटलं, "झकास, भाऊ! असंच ठेवा." ताटात काय आहे, विचारलं नाही. महिन्याची रक्ततपासणी पुढच्या आठवड्यात होती. मध्ये शनिवार-रविवारची सुट्टी गेली.

कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं. मशीन लावलं. रिपोर्ट आला: पोटॅशियम आठ पॉइंट एक. साडेपाचच्या वर गेलं की आम्ही ओरडतो. विसाव्या मिनिटाला हृदय थांबलं. पाऊण तास छाती दाबली. मग डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं आणि वेळ सांगितली.

वहिनी म्हणाल्या, "उपासाचे बारा दिवस राहिले होते."

दुपारी डॉक्टरांनी फाइल माझ्याकडे सरकवली. "डाएटच्या रकान्यात नॉन-कंप्लायंट लिही." म्हणजे पेशंटने पथ्य पाळलं नाही.

"पाळलं, सर. सहा वर्षांत पहिल्यांदा शंभर टक्के पाळलं."

"वेडी आहेस का? तुझ्यावर शेकेल यार."

"शेकू दे."

मी लिहिलं: 'आहार दिलेल्या यादीप्रमाणे. यादी माझी.' कागदाची झेरॉक्स जोडली. चौकशी झाली, मला मेमो मिळाला.

अजूनही लोक यादी मागतात, शेजाऱ्यांसाठी, भिशीच्या ग्रुपसाठी. देते. आधी एवढंच विचारते, "तुम्ही स्वतः यातलं काय खाणार आहात?" विचारायला अर्धं मिनिट लागतं.