एक थेंबही वाया जात नाही

"वाचा, मोठ्याने वाचा! लोक किती समाधानी आहेत बघा," म्हणत साहेबांनी पत्र माझ्यापुढे सरकवलं.

मी तेव्हा मोखाड्यातल्या एका सरकारी ऑफिसात आवक-जावक बघायचो, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या कागदांवर शिक्के मारायचो. पत्र सूर्यमाळकडच्या एका पाड्यावरून आलं होतं. लिहिणारी वनिता, तिथल्या बचत गटाची अध्यक्ष. मी वाचलं: 'नळ फार छान बसवला. कधी गळत नाही. एक थेंबही वाया जात नाही. नळापाशी चिखल नाही, बायांची भांडणं नाहीत. पोरांच्या चड्ड्या वाळत घालायला फार उपयोगी. साहेबांचे आभार.'

मला हसू फुटलं. साहेबांना नाही. त्यांनी ते पत्र नळयोजनेच्या पूर्णत्वाच्या अहवालाला जोडलं आणि पाड्याचा टँकर बंद करायची नोट टाकली. ऐन एप्रिलमध्ये.

"साहेब, हा उपरोध आहे."

"म्हणजे टोमणा? मला?"

टोमणा समोरच्या माणसाला लागावा म्हणून मारतात. उपरोधात उलट बोलून खरं सांगतात. आणि विडंबन म्हणजे आपल्याच अहवालांची नक्कल करून अख्ख्या कारभाराचं हसं करणं. वनिताने एका पानात तिन्ही बसवली होती. एम.ए. झालेल्या साहेबांना हे समजावता समजावता माझा चहा गार झाला.

शेवटी ते म्हणाले, "चड्ड्यांचं वाक्य तेवढं खोडा. बाकी उत्तम आहे."

टँकर बंद झाला. बाया डोंगर उतरून झऱ्यावर वाटी-वाटीने हंडे भरू लागल्या. चौथ्या दिवशी साहेब फोटोग्राफर घेऊन पाड्यावर निघाले, मलाही नेलं. वनिताने त्यांच्या हातात रिकामा ग्लास दिला.

"साहेब, तुमीच सोडा पानी."

साहेबांनी तोटी फिरवली. आतून एक मुंगळा बाहेर आला.

"मग पत्र असं का लिहिलंस? सरळ लिहायचं ना!" साहेब खेकसले.

"सरळ लिवलेले सात अर्ज तुमच्याच हापिसात हायेत. ते कोनी वाचले नाय. ह्यो वाचलात."

मी मान खाली घातली. सातही अर्जांवर माझाच शिक्का होता. मीही ते वाचले नव्हते. लाज वाटली, अजून वाटते.

टँकर दुसऱ्या दिवशी सुरू झाला. बायांचे हाल बघून नाही, फोटोग्राफरकडे मुंगळ्याचा फोटो होता म्हणून. मग साहेबांनी ऑफिसात पाटी लावली: 'अर्ज सरळ भाषेत लिहावेत.'

मी मात्र येणाऱ्या प्रत्येकाला हळूच सांगायचो, वर 'आभार' लिहा, म्हणजे वाचतील.