मालकांचे मेल

मालकांचेच मेल स्पॅममध्ये टाकण्याचा मान आमच्या कंपनीत माझा. आमचा कापसाचा जिनिंग कारखाना जाम गावात, मालक पुलगावला, म्हणून सगळा कारभार मेलवर. लॉटरीच्या मेलांनी लोक वैतागले, तेव्हा मी सर्व्हरचा फिल्टर कडक केला. विषय कोरा, मजकूर सगळा कॅपिटल अक्षरांत आणि पुढं उद्गारचिन्हांची रांग दिसली, की मेल बाहेर. आमचे मालक नेमके असेच लिहितात, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

दोन-तीन दिवस ऑफिस फार शांत होतं. मग मालक स्वतःच आले आणि हिशेब पाहणाऱ्या बाईंसमोर उभे राहिले.

"माह्या एकाही मेलचं उत्तर नाई. उद्यापासून घरीच राहा."

बाईंचा चेहरा उतरला. मला उठावंच लागलं.

"साहेब, मेल बाईंपर्यंत पोचलेच नाहीत. माझ्या फिल्टरनं अडवले. त्याले ते फालतू वाटले."

मालक माझ्याकडे वळले. "माहे मेल सुरू कर," एवढंच म्हणाले. बाईंची नोकरी वाचली, माझीही.

घरी बायकोनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तुम्ही हे दोन-तीन दिवस टायमावर घरी येऊन राह्यले होते, ते याच्यामुळं? मंग ते मेल पुन्हा सुरू काऊन केले?"