तेहतीसचा खटका

"मांगं आवाज येऊन राह्यला का?"

हा प्रश्न ते कुठंही विचारत. नाटकाच्या मंडपात विचारत ते ठीक, तो त्यांचा धंदाच होता. पण लग्नात अंतरपाट धरलेला असताना, शाळेच्या झेंडावंदनाला, आणि एकदा तर आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्याच्या शोकसभेत, बोलणाऱ्याचा गळा दाटून आलेला असताना हे मागून उभे राहिले आणि विचारते झाले. बोलणारा बिचारा रडायचाच विसरला. विचारण्याआधी समोर जे काही असेल त्यावर नखानं दोनदा टकटक करायची, मग तो माईक असो की चहाचा कप.

तुमच्याही गावात असा एखादा साउंडवाला तुम्ही पाहिला असेल. आमच्या साकोलीतले हे. आम्ही सगळे त्यांना भाऊच म्हणायचो. माझं झेरॉक्स आणि कुरिअरचं दुकान आहे, आणि दुकानाच्या मागच्या भिंतीला लागून त्यांचं घर. त्यामुळे त्यांच्या धंद्याच्या चाळीस वर्षांतली निदान वीस वर्षं तरी मी त्यांचं "हॅलो, हॅलो" फुकटात ऐकलं आहे.

भाऊबीज झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईत नाटक. दिघोरी म्हणू नका, एकोडी म्हणू नका, सगळीकडे भाऊंचेच भोंगे. त्यांची एक पद्धत होती. मशीन लावायची, नारळ फोडायचा, पहिला प्रवेश सुरू झाला की मशीन सोडून थेट मंडपाच्या शेवटी जायचं. शेंगदाणेवाल्यांच्याही मागं, जिथं माणसं मोटरसायकलवर बसून नाटक बघतात, तिथं उभं राहून ऐकायचं. तिथं नीट ऐकू आलं नाही तर परत येऊन बटणं फिरवायची. मी एकदा म्हटलं, भाऊ, पुढं बसलेल्यांनी पैसे जास्त दिलेत, त्यांचं बघा की. तर म्हणाले, "पुढच्याले त नटाच्या तोंडचंबी आयकू येते, ताई. आवाज लावाचा तो मांगच्या माणसासाठी."

काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, या प्रश्नाचा फार वैताग होता. त्या चुलीपुढं बसलेल्या असायच्या आणि हे अंगणातून ओरडायचे, मांगं येऊन राह्यला का? काकू म्हणायच्या, मी काय मंडपात बसून आहो का, भात उकलून राह्यला इथं!

आता त्या एकोडीच्या पोरीचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. तिचे वडील नाटकात ऑर्गन वाजवायचे. ती लहानपणी वडिलांबरोबर यायची आणि झोप येईपर्यंत भाऊंच्या मशीनपाशी बसायची. मशीनला कुणी हात लावला तर भाऊ अंगावर धावून जात, पण हिला बटणं फिरवू देत. ती त्यांना मामा म्हणायची. पोरगी शिकली, पुण्याला गेली, तिथून परदेशात. आणि करते काय, तर मशीनवर संगीत. गाणारा नाही, शब्द नाहीत, पेटी-तबला नाही. इलेक्ट्रॉनिक, असं तिनं मला सांगितलं. मी मान हलवली. मला काय कळतंय डोंबलाचं!

एका पावसाळ्यात ती आली आणि आठ दिवस भाऊंना घेऊन फिरली. एकोडीच्या तलावाच्या पाळीवर उभं राहून बेडूक आणि रातकिडे रेकॉर्ड केले, राइस मिलचा पट्टा रेकॉर्ड केला, बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणी करणाऱ्या बायांच्या पायांचा चुबुक चुबुक आवाज रेकॉर्ड केला. माईक धरायला भाऊ. चिखलात उभे राहून त्यांची पिंडरी सुजली, पण तोंड असं की जणू मुंडावळ्या बांधल्यात. जाताना ती म्हणाली, "मामा, याचा मी तवा काढीन, अन् पहिला तुमाले पाठवीन. तोवर दुसरीकडं आयकू नका."

रेकॉर्डला आमच्याकडे साउंडवाले तवाच म्हणतात. जुन्या काळी लग्नात तवेच लागायचे, आणि भाऊंची ती तवे वाजवायची जुनी मशीन अजून होती. त्यांनी ती माळ्यावरून काढली, तेल दिलं, नागपूरहून सुई मागवली आणि वाट बघत बसले.

पाच वर्षं. हसू नका, पाच. कधी तिकडच्या कारखान्यात नंबर लागेना, कधी लागला तर पहिलेच तवे खरखरले म्हणून पोरीनं परत केले. भाऊ रोज सकाळी माझ्या दुकानात यायचे, काउंटरवर टकटक करायचे आणि विचारायचे, "आला का?" पहिलं वर्ष मी गोड बोलले. दुसऱ्या वर्षी मी म्हटलं, भाऊ, आला की मी बँड लावून आणीन, पण आता माझं डोकं खाऊ नका. तिसऱ्या वर्षी मी नुसती मान हलवायला लागले.

मग एक दिवस मी "नाही आला" म्हटलं आणि ते तिथंच उभे. परत म्हटलं, तरी उभे. मला राग आला, मी जरा जोरातच बोलले. मागून काकू आल्या आणि त्यांना घरी घेऊन गेल्या. दुपारी त्या परत आल्या आणि मला सांगितलं. वर्षभरापासून कुकरच्या शिट्ट्या भाऊंना ऐकू येत नव्हत्या. दोनदा वरण जळलं होतं. भंडाऱ्याच्या कानाच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं होतं की बारीक आवाज गेले, जाड तेवढे राहिलेत, आणि तेही वर्ष-दोन वर्षांचे सोबती. चाळीस वर्षं भोंग्यांखाली काढली, दुसरं काय होणार. डॉक्टरनं कानात घालायची मशीन सांगितली, तर भाऊ म्हणाले, जनमभर मी लोकायच्या कानात मशीन घातली, आता तुमी माह्या कानात घालता का?

मला माझीच लाज वाटली. एवढे दिवस मला वाटत होतं, म्हाताऱ्याला हौस आहे. हौस कसली, त्या माणसाची शर्यत चालली होती. तवा आधी येतो की कान आधी जातात.

मी त्यांना म्हटलं, भाऊ, पोरीला सांगते, मोबाइलवर पाठवेल, आजच ऐका. "तिनं पाच वर्सं थांबवलं मले," ते म्हणाले, "मी का पाच मिनटात मोडू?"

त्यानंतर मी रोज कुरिअरची थैली आली की आधी त्यांचं नाव शोधायचे. देवाला नवसबिवस मी बोलत नाही, पण तेव्हा बोलले.

आणि आला. चौकोनी, चपटं पार्सल. मी दुकानाला कुलूप घातलं आणि चालत गेले. बँड काही लावला नाही, पण रस्त्यात दिसेल त्याला सांगत गेले. अर्ध्या तासात अंगणात दहा-बारा खुर्च्या लागल्या. भाऊंनी मशीनला हळद-कुंकू वाहिलं, उदबत्ती लावली, नारळ फोडला. तवा दोन्ही तळव्यांवर धरून आणला आणि ठेवला. मग वेगाचा खटका तेहतीसवर, म्हणजे मिनिटाला तेहतीस फेरे. त्यांच्या धंद्यात हे पाठच असतं, मोठा तवा तेहतीस, लहान तवा पंचेचाळीस. सुई टेकवली आणि नेहमीसारखे सगळ्यांच्या मागं, पेरूच्या झाडाखालच्या शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसले.

खरं सांगते, सुरुवातीला आम्हाला काही झेपलं नाही. जाड, घुमणारा आवाज. राइस मिलचा पट्टा ओळखू आला, पण तो असा चालत होता जसा मिलवाला जेवून सुस्तावलाय. बेडूक तर रेड्यासारखे हंबरत होते. शेजारच्या काकींनी विचारलं, याच्यात गाणं केव्हा लागते? कुणीतरी त्यांना गप्प केलं. पण दहा-पंधरा मिनिटांनी काय झालं कोण जाणे, सगळे शांत बसले. चहा आला तो तसाच राहिला. मला आमच्या माहेरच्या बांधीत उभी असल्यासारखं वाटलं, आणि का कुणास ठाऊक, भरून आलं.

दुसरी बाजू संपली तेव्हा मी मागं पाहिलं. भाऊ रडत होते, पण हसतही होते.

"रातकिडे आले, ताई," ते म्हणाले. "तीन वर्सं झाले मले रातकिडे आयकू आले नोहोते. मले वाटलं, मेले सारे."

त्या दिवसापासून रोज दुपारी जेवण झालं की तवा. आम्हालाही सवय झाली.

पंधरा दिवसांनी पोरीचा मला फोन आला. मामांना फोनवर ऐकू येत नाही, म्हणून माझ्याकडे चौकशी. मी सगळं वर्णन करून सांगितलं. म्हटलं, बाई, पस्तीस-छत्तीस मिनिटं जागचं कुणी हललं नाही. ती म्हणाली, "मावशी, तवा त सव्वीस मिनटांचा आहे. किती स्पीडवर लावला?" मी त्या दुपारी भाऊ झोपलेले असताना चष्मा लावून तव्यावरचा कागद पाहिला. मधल्या भोकाजवळ मुंगीएवढ्या अक्षरांत पंचेचाळीस. आवाज अजून चांगला यावा म्हणून मोठा तवाही तिनं पंचेचाळीसचा काढला होता. गाणारा कुणी असता तर पहिल्या ओळीलाच कळलं असतं. पण बेडकाला सूर चुकला म्हणून कोण सांगणार?

ती आधी खूप हसली. मग परत विचारलं, खरंच तेहतीसवर? आणि मला कळलं की तिला लागलं आहे. पाच वर्षं राबून केलेली गोष्ट, आणि ज्याच्यासाठी केली त्यानंच ती तशी ऐकली नाही. दिवाळीला येते, म्हणाली, मी स्वतः लावून देईन. मी भाऊंना काही बोलले नाही. माझी हिंमत झाली नाही.

दिवाळीत ती आली. परत खुर्च्या, परत उदबत्ती. भाऊ मागं जाऊन बसले आणि तिनं हळूच खटका पंचेचाळीसवर केला. काय सांगू, तवा एकदम धावायला लागला. बेडूक बेडकांसारखे, पट्टा पट्ट्यासारखा, वर रातकिड्यांची अशी बारीक झिलई की अंगावर काटा आला. सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. पोरीचा चेहरा उजळला.

मागं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. भाऊ उठून पुढं आले. स्पीकरच्या खोक्यावर नखानं टकटक केलं, कान लावला आणि आमच्याकडे पाहिलं. त्यांचा तो चेहरा मी विसरणार नाही. मेळ्यात पोर हरवल्यावर बापाचा होतो तसा.

"मांगं येऊन नाही राह्यला," ते म्हणाले. "रातकिडे नाहीत याच्यात."

आमच्या सगळ्यांच्या कानांत रातकिडे भरले होते. पोरीनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा तव्याकडे, आणि खाली वाकून खटका तेहतीसवर ओढला. आवाज जड झाला, घुमला, बारीक रातकिडेही जाड आवाजात उतरले. भाऊ परत जाऊन बसले आणि थोड्या वेळानं त्यांनी लांबूनच हात वर केला. आला, म्हणून. पोरगी मान खाली घालून बसली होती. डोळे पुसत होती.

दुसऱ्या दिवशी ती गेल्यावर भाऊ दुकानात आले. काउंटरवर टकटक केलं.

"ताई, पोरीनं खटका फिरवला ते पाह्यलं मी. कान गेले, डोये नाही गेले. खरा स्पीड पंचेचाळीसच आहे. मी कधीचा वाचला."

मी विचारलं, मग बोलला का नाहीत?

"कायले बोलू? तिनं बराबरच केलं आहे. पण मीच आता मांगचा माणूस झालो ना, ताई. माह्या हिशेबानं कोणीतरी बटण लावाच लागते." आणि मग म्हणाले, "पोरगी शिकली माही."

पुढच्या उन्हाळ्यात जाडही आवाज गेले. तरी दुपारी तवा लागायचाच. भाऊ खोक्यावर हात ठेवून बसायचे आणि आम्ही कुणी आलो तर हातानंच विचारायचे, मागं येतोय का म्हणून. धान कापायच्या दिवसांत, एका सकाळी, ते गेले. मी दुकान उघडलं तेव्हा काकू दारात उभ्या होत्या, आणि त्यांना काही सांगावं लागलं नाही.

पोरगी त्या वेळी पोचू शकली नाही. ती आली पुढच्या दिवाळीला. काकू म्हणाल्या, लाव ना बाई त्यायचा तवा. खुर्च्या लागल्या. पेरूखालचीही लावली, कुणी सांगितलं नव्हतं तरी. पोरीनं नारळ फोडला. मग तिचा हात खटक्यापाशी गेला आणि थांबला. आता आम्ही सगळे धड कानांचे होतो. तिनं जसं केलं होतं तसंच ऐकवायला आता काही अडचण नव्हती. मी तिच्याकडे बघत होते आणि मला वाटत होतं, हिनं पंचेचाळीसवर केलं तरी हिला कुणी काही म्हणू नये.

तिनं खटका तेहतीसवर ठेवला. सुई टेकवली, उठली, आणि सगळ्या खुर्च्यांमधून वाट काढत शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसली.

काकू मशीनपाशीच उभ्या होत्या. त्यांनी खोक्यावर नखानं दोनदा टकटक केलं.

"मांगं आवाज येऊन राह्यला का?"

"येऊन राह्यला, मामी," पोरगी म्हणाली.