भीती वाटली होती, एवढंच सांगितलं

मित्रांनो, आज भूमच्या एका कॉलेजात 'देशाचं सुरक्षा धोरण आणि तरुण' या विषयावर मला बोलायला बोलावलं होतं. एकाहत्तरच्या लढाईत मी शिपाई होतो.

मी खरं तेच सांगितलं. लढाईत मला लई भीती वाटायची. नंतर फौज सोडून गावी आलो, तर दुष्काळ. मी आणि बायको सुमन सरकारी कामावर खडी फोडायला जायचो. सुरुंगाचा बार उडाला की मी झटकन जमिनीवर पालथा पडायचो. "फौजी असून भितंय की रं!" म्हणून गडी हसायचे. सुमन पाठीवर हात ठेवून म्हणायची, "उठा. म्या हाय इथं."

एवढं सांगतोय तोवर प्राचार्यांनी हसत माझ्या हातातला माईक घेतला. "काका गंमत करतायत! मर्दाला कसली भीती?" टाळ्या पडल्या. मला शाल घातली.

माझं बोलणं अर्धंच राहिलं.

सुमनला जाऊन दोन वर्षं झाली. घरात सांगायला कुणी नाही, म्हणून इथं लिहितोय. देशाची सुरक्षा ठरवणाऱ्यांनी आमची भीती कधी ऐकलीच नाही. तुमच्या घरात कुणी फौजी असेल, तर भीती वाटली होती का, असं त्याला एकदा तरी विचाराल का?