इलाही मिस्त्रीचा पहारेकरी

"मिस्त्री, हे फोटो आहेत की दुधावरची साय?"

डॉक्टर मोहित्यांनी फिल्मची गुंडाळी बाकावर आपटली. उद्यमनगरातल्या आपल्या मोटरींच्या वायंडिंगच्या दुकानात इलाही मिस्त्रीनं ती उलगडून उजेडाकडं धरली. माणसांच्या छातीचे इवलेइवले फोटो, आणि सगळे पांढरेफटक. बरगडी कुठली न् फुप्फुस कुठलं, काही कळेना.

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. एका ट्रस्टनं छातीचे फोटो काढणारी मोठी मोटार बांधून घेतली होती. गावोगाव जायचं, शाळेच्या नाहीतर पंचायतीच्या वायरीवरून जोड घ्यायची आणि क्षयाचे रोगी हुडकून काढायचे. गाडीतच मशीन, गाडीतच फिल्म धुवायची अंधारी खोली. डॉक्टर तिच्यातच झोपायचे आणि ड्रायव्हर आकाराम तिच्यातच भात शिजवायचा. पण गडहिंग्लजकडच्या दौऱ्यात उसाच्या पट्ट्यात शिरली आणि गाडी आंधळी झाली.

"किती हुतं होल्टेज?"

"एकशे साठ."

"मग बरोबर हाय की! पायजे दोनशे तीस. समद्या हिरींवर मोटरी चालू. उसाला पाणी पाजून उरंल ते तुमच्या मशीनला. उपासच की त्याला!"

जळलेल्या मोटरीचा नुसता वास घेऊन ती किती वेळ जळत होती हे सांगणारा माणूस तो. पंधरा दिवसांत त्यानं गाडीसाठी व्होल्टेज चढवणारा बूस्टर केला. लोखंडी पत्र्यांचा गठ्ठा, त्यावर तांब्याच्या तारेचे वेढे, वर सात घरांची मूठ आणि काटा दाखवणारं मीटर. वेढे घातले ते त्याच्या बायकोनं, अमीरबीनं. लग्नानंतर त्यानंच तिला शिकवलं होतं. आता मोजण्यात तिचा हात धरणारा उद्यमनगरात कुणी नव्हता. शेजारणीशी भांडताभांडता चारशे वेढे घालायची, एक चुकायचा नाही.

बूस्टरच्या बाजूला त्यानं आणखी एक डबी बसवली.

"हा पहारेकरी," त्यानं डॉक्टरांना सांगितलं. "लाईट कमी असली की मूठ वर चढवायची. पण रानातल्या मोटरी बंद झाल्या की लाईट आपली आपण चढती. तवा मूठ वरच ऱ्हायली, तर मशीनच्या अंगात वारं शिरल्यागत हुईल. काटा अडीचशेच्या वर गेला की ह्यो खटका पाडून लाईट तोडणार. ह्याला डॉक्टर कळत न्हाय, सरपंच कळत न्हाय."

सगळं मनासारखं झालं होतं, एक सोडून. वेढे घालताना अमीरबी खोकायची. दोन महिने झाले होते.

"सीपीआरच्या दवाखान्यात चल एकदा," इलाही म्हणायचा.

"वार्निशचा वास हाय हो. चढतो घशात."

"इतकी वर्सं चढत नव्हता?"

"आणि सीपीआरच्या लायनीत हुबी ऱ्हायले की दुपारपातूर गल्लीला कळंल. आपल्या घरचं पाणी कोण पिणार मग? हाफिजाचं जमत आलंय, ते मोडाय बसलाय व्हय?"

लेकीचं नाव निघालं की इलाही गप्प व्हायचा. शेवटी त्यानंच तोड काढली. गाडीचा पुढचा मुक्काम कोडोलीच्या पलीकडच्या एका वाडीत होता. तिथं ओळखीचं काळं कुत्रंही नव्हतं. स्वयंपाकाला म्हणून यायचं, गावच्या बायकांत उभं राहायचं, फोटो काढायचा, घरी. ती हो म्हणाली, पण चेहरा असा की जणू विहिरीत ढकलतोय.

वाडीत दीड-दोनशे माणसं आली होती. इलाहीनं गाडीशेजारी अर्थिंगसाठी पहार ठोकली, बुंध्यात मीठ-पाणी ओतलं, जोड घेतला. काटा एकशे पंचावन्न. मूठ सहाव्या घरात नेली आणि मीटर दोनशे तीसवर येऊन उभं राहिलं.

"वा मिस्त्री!" डॉक्टर म्हणाले.

वा म्हणून होतंय तोवर खटका पडला. कुठल्या तरी मळ्यात दोन-तीन मोटरी बंद झाल्या असणार. मूठ खाली आणली, खटका उचलला, चार फोटो झाले. मोटरी पुन्हा सुरू, काटा खाली. मूठ वर. पुन्हा खटका. अकरा वाजेपर्यंत नऊ वेळा.

"अगं बया, ही मोटार हाय का रुसलेली सवत?" लायनीतली धोंडुबाई म्हणाली. "घटकंघटकंला बंद पडती!"

"इलाहीभाई, तुमचा पहारेकरी हाय का घरजावई?" आकारामनं री ओढली. "काम कमी, नखरं जास्ती!"

सगळी रांग हसली. इलाहीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यानं इकडंतिकडं बघितलं, काडीपेटीतली एक काडी काढली आणि पहारेकऱ्याच्या पट्टीखाली सारली. आता खटका पडणार नव्हता. आपण आहोत की काट्यावर, त्यानं मनाशी म्हटलं. डोळं कशाला दिलेत?

आणि तासभर तो खरंच डोळ्यांत तेल घालून बसला. काटा हलला की मूठ हलायची. फोटो भराभर निघाले. डॉक्टर खूश, रांग खूश. मूठ सहाव्या घरात स्थिर झाली होती, तेवढ्यात सरपंच सयाजीराव स्वतः आले.

"पावणं, च्या घ्या चला."

"नको सरपंच, काम हाय."

"आमच्या दारात येऊन च्या न पिता जाणार? गावाची आब्रू घालवताय व्हय?"

हात धरून नेलं म्हणजे अक्षरशः नेलं. पंचायतीच्या ओट्यावर चहा उकळायला वेळ लागला. कपबशी हातात आली, तेव्हा सयाजीराव मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "तुमच्या गाडीला लाईट पुरंना म्हणून आकाराम सांगत हुता. म्या काय केलं म्हाईत हाय? अर्ध्या तासामागं गडी पाठवलं आणि गावच्या समद्या मोटरी बंद करवल्या! एक चालू न्हाय. घ्या म्हटलं किती घेताय लाईट ती!"

इलाहीच्या हातातली बशी तिरकी झाली. चहा सदऱ्यावर सांडला, त्याला पोळल्याचंही कळलं नाही.

"काय झालं, पावणं?"

तो पळत सुटला होता. गाडीत चढला आणि मीटरकडं बघून जागच्या जागी थिजला. तीनशेचा आकडा ओलांडून काटा पलीकडच्या खिळ्याला चिकटला होता. बूस्टर गुरगुरत होता, तापलेल्या वार्निशचा वास सुटला होता. आणि काडी पट्टीखाली जिथल्या तिथं होती.

"या मिस्त्री," आतून डॉक्टर म्हणाले. "चाळीसेक माणसं झाली तुम्ही येईपर्यंत. मस्त चाललंय."

इलाहीनं मूठ खाली आणली, काडी काढली. कुणी बघितलं नाही. पडदा सरकला आणि पदर सावरत अमीरबी बाहेर आली. शंभर नंबर.



दुपारी तीनला फिल्म धुऊन झाली. ओली पट्टी उजेडाच्या काचेवर धरून डॉक्टर एकेक नंबर बघत होते. पहिले साठ झकास. एकसष्टपासून तवाच. शंभरपर्यंत काळे.

"मिस्त्री, व्होल्टेज ठीक होतं ना?"

इलाहीनं होकारार्थी मान हलवली.

"मग माणसंच बारकी. किडमिडीत अंगाचा फोटो काळा येतो. डाग काही दिसत नाही कुणाला." त्यांनी वहीत रेघ ओढली. "एकसष्ट ते शंभर, स्वच्छ. सांगा जायला."

बाहेर अमीरबीनं ऐकलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा ती दात दिसेपर्यंत हसली.

"ऐकलंसा? वार्निशच हुतं. उगंच जिवाला घोर लावलासा."

असं म्हणतानाच तिला ढास लागली. ती लिंबाच्या झाडाला हात टेकून वाकली, बराच वेळ वाकलेलीच राहिली. इलाही बघत राहिला. फोटोत दिसलं नाही ते खरं, पण त्या फोटोत हत्ती उभा असता तरी दिसला नसता. चाळीस माणसं स्वच्छ म्हणून घरी निघाली होती, आणि त्यांतलं एक त्याच्या घरी निघालं होतं.

तो गाडीची पायरी चढला.

"डॉक्टर, माणसं बारकी न्हाईत. होल्टेज जास्ती हुतं. तीनशेच्या वर."

"काय?" डॉक्टरांनी चष्मा काढला. "आणि तुमचा पहारेकरी?"

"त्याला म्या काडी लावली हुती. माणसं हसली म्हणून."

मघाशी हसणारा आकाराम पातेलं हातात घेऊन तसाच उभा. दारात आलेले सयाजीराव हळूच म्हणाले, "म्हंजी, माझ्यापायी झालं हे?"

"न्हाई सरपंच. तुमी चांगलंच केलासा. झालं ते माझ्यापायी."

डॉक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, "चाळीस माणसांना मी स्वच्छ म्हणून सांगितलंय, मिस्त्री." आणि वहीतली रेघ खोडायला घेतली.

सयाजीरावांनी गावात दवंडी फिरवली. माणसं कुरकुरत परत आली, कुणी बांधावरून, कुणी जेवणावरून उठून. सगळ्यांत शेवटी अमीरबी. तिनं नवऱ्याकडं असं बघितलं की तो दोन पावलं मागं सरला.

"स्वच्छ हाय म्हणाले हुते की डॉक्टर."

"चुकीचं हुतं ते."

"तुमाला कसं ठावं?"

"मलाच ठावं, अमीर. चल."

या खेपेला खटका तीनदा पडला. रांगेतलं कुणी हसलं नाही.

चाळिसांत तिघांना डाग निघाला. तिसरी अमीरबी. डॉक्टरांनी ओल्या फिल्मवर बोट ठेवलं. डावीकडं, वर, ज्वारीच्या दाण्याएवढा. इलाहीला वाटलं, आपण एखादी मोटर उघडून बघतोय: वेढे एकाखाली एक नीट बसलेले, आणि एकाच ठिकाणी जळलेलं. तो गाडीच्या पायरीवर बसला.

"वेळेत सापडलं," डॉक्टर म्हणाले. "आणखी पाच-सहा महिने गेले असते तर मी काही बोललो नसतो. वर्ष-दीड वर्ष गोळ्या, आधी तीन महिने रोज सुई. कुठं घेणार?"

"उचगावात," इलाही घाईनं म्हणाला. "तिथं आमाला कोण वळखत न्हाय. गल्लीत नको. लेकीचं—"

"रोज उचगावला?" अमीरबी म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज नेहमीचा, दुकानातला. "तीन महिने? आणि तुमच्या कॉईली काय आकारामभाऊ गुंडाळणार? आमच्या गल्लीच्या तोंडालाच दवाखाना हाय, डॉक्टर. तिथलंच लिवा."

"अगं, पण हाफिजा..."

"आई जिती असली तर लगीन जमवंल की दुसरं," ती म्हणाली. "लिवा तुमी."

इलाहीनं पायरीवरून उठून वही डॉक्टरांच्या पुढं सरकवली. डॉक्टरांनी लिहायला सुरुवात केली.