तुमी द्यान ते

राइस मिलच्या मालकाने थैली पायाने माझ्याकडे सरकवली.

"घे. पाच किलो हाय. नवा चिनोर तांदूळ. तुह्या मायचाच फोटो हाय त्याच्यावर. घरी ने, शिजवून खा."

त्याने आधी विचारलं होतं, "फोटोचं किती घेशीन?" आणि मी म्हटलं होतं, "तुमी द्यान ते." तर त्याने दिलं ते हे.

टेबलामागचा दिवाणजी हसला. मी उभी होते. माझ्यासमोर दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. मी वाकले, थैली उचलली आणि म्हटलं, "हो जी." एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण वरून "धन्यवाद" म्हटलं. आजही ते आठवलं की त्याच्यापेक्षा माझाच राग जास्त येतो.

"परवा ओरिजनल घेऊन ये," तो म्हणाला. "हा व्हाट्सअपचा फोटो फुटून राहिला. नागपूरचा प्रिंटरवाला मोठा मांगते."

बाहेर येऊन थैली नीट पाहिली. नमुन्यासाठी छापलेली एकच थैली होती ती. वर सोनेरी अक्षरांत मिलचं नाव, खाली सात बाया रोवणी करताना. मधोमध माझी माय. एका हातात पऱ्ह्याची, म्हणजे धानाच्या रोपांची, पेंडी, दुसरा हात कमरेवर, क्षणभर पाठ सरळ करून समोर पाहणारी. बाकीच्यांची तोंडं पुसट झालेली. फोटो माझा. मागच्या रोवणीच्या वेळी काढलेला. मी तो स्टेटसला ठेवला, कुणीतरी पुढे पाठवला, आणि फिरत फिरत तो तांदळाच्या थैलीवर जाऊन बसला. नमुन्याची थैली छापेपर्यंत मला विचारायला कुणी आलं नाही. फोटो फुटला नसता तर मला मिलमध्ये बोलावलंही नसतं.

लाखांदूरला बसस्टँडजवळ माझा लहानसा स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, लग्नसराईत लग्नं. लग्नाच्या कामात आमच्याकडे भाव बोलायची पद्धत नाही. ओळखीचे लोक असतात. "घरचंच काम हाय," म्हणतात. आपण म्हणायचं, तुमी द्यान ते. फोटो, व्हिडिओ, सगळं पेनड्राइव्हमध्ये भरून द्यायचं आणि मग वाट पाहायची. बरेचदा अर्धेच मिळतात. तेही आपण हसून घ्यायचे. पाच वर्षं मी हाच धंदा केला आणि स्वतःला व्यवहारी समजत होते.

पण मिलमध्ये जे झालं ते सवयीने नाही झालं. भीतीने झालं. खोटं कशाला बोलू?

हा मालक म्हणजे आमच्या गावचा मोठा माणूस. मिल त्याची, चाळीस एकर धानाची शेती त्याची. ती चाळीस एकर दरवर्षी माझी माय आणि तिच्या बाया रोवतात. आमच्या दीड एकराचं धानही त्याच्याच मिलमध्ये जातं. त्याच्या ओसरीवर आमच्या टोल्यातल्या, गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या, माणसाने बसू नये असं कुठे लिहिलेलं नाही. लिहायची गरजच पडली नाही. लहानपणी मी मायसोबत त्याच्या वाडीत जायचे तेव्हा पाण्यासाठी ओंजळ करायला लागायची. वरून कुणीतरी ओतायचं. मी कॅमेरा घेतला, दुकान टाकलं, आणि मला वाटलं ओंजळ सुटली. त्याने फक्त "किती घेशीन" विचारलं, आणि मी परत ओंजळ केली.

घरी आले. मायने थैली पाहिली. मला वाटलं होतं ती हरखेल. तिने फोटोवरून हात फिरवला, स्वतःच्या तोंडावर थांबली.

"किती देतो म्हणे?"

"मी म्हटलं, तुमी द्यान ते."

मायने थैली चुलीपासून लांब, कोपऱ्यात ठेवली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तुले शिकवलं कायले मंग?"

त्यापेक्षा तिने मारलं असतं तर बरं झालं असतं.

संध्याकाळी तिने सगळ्या बायांना बोलावलं. सातही जणी आमच्या अंगणात. थैली हातोहात फिरली. आधी हसणं झालं. कौसाबाई, वयाने सगळ्यात मोठी, म्हणाली, "माहं त तोंडच गायब केलं यायनं. फक्त ढुंगण हाय." सगळ्या खूप हसल्या. मग तिनेच थैली उलटी केली, झटकली आणि विचारलं, "खाली झाल्यावर या थैलीचं काय करते लोक?"

सगळ्यांच्याच घरी दारात तशी थैली पसरलेली असते. आमच्याही होती.

"आपल्या तोंडावर पाय पुसतीन," कौसाबाई म्हणाली.

मी घाईने म्हटलं, "त्यानं मले न इचारता घेतला वो फोटो."

"अन् तू कोणाले इचारून काढला?"

कौसाबाईने हे भांडून नाही विचारलं. सहज विचारलं. मी बांधावर उभी राहिले होते, उजेड छान होता, मी बटण दाबलं होतं. घरच्याच बाया, त्यांना काय विचारायचं? मालकानेही बहुतेक असंच म्हटलं असेल, गावातलीच पोरगी, तिला काय विचारायचं.

बाया गेल्यावर मायने मला समोर बसवलं.

"आमी हुंडा कसा बोलतो, पाह्यलं न तू?"

आमच्याकडे रोवणीचं काम ठेक्याने घेतात, त्याला हुंडा म्हणतात. लग्नातला नाही. बायांची एक टोळी एकरावर भाव ठरवते, रोवून देते, आणि पैसे सगळ्यांत सारखे वाटले जातात. बोलणी करणारीलाही दमडी जास्त नाही. बोलणी नेहमी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर होतात, आणि भाव ठरल्याशिवाय एकही बाई चिखलात पाय घालत नाही.

पाहिलं होतं. मी आठ वर्षांची असेन. हाच मालक, तेव्हा तरणा, धुऱ्यावर खुर्ची टाकून बसलेला. माय उभी. तिने भाव सांगायच्या आधी विचारलं होतं: "किती एकर? पऱ्हे कोण उपडन? वाहून कोण देईन? किती दिवसांत पाह्यजे?" तो वैतागला होता. मग तिने आकडा सांगितला. त्याने निम्मा केला. ती म्हणाली, "नाही पुरत जी." पुन्हा त्याने थोडा वाढवला. पुन्हा, "नाही पुरत जी." आवाज असा, की जणू हवापाण्याचं बोलून राहिली.

मी तिच्या मागे उभी होते. आणि मला दिसत होते तिचे हात. पाठीमागे धरलेले. पदराचं टोक बोटांना गुंडाळलेलं आणि बोटं थरथर कापत होती. मला वाटलं होतं, चिखलाने गारठली असेल. पण अजून कुणीच चिखलात उतरलं नव्हतं. हे मला इतक्या वर्षांनी, त्या संध्याकाळी लक्षात आलं.

"माय, तुले भेव नाही लागे?"

"लागे त. अजूनही लागते," ती म्हणाली. "भेव लागते म्हणून का फुकटात रोवाव?"

दुसऱ्या दिवशी मी नागपूरच्या एका फोटोग्राफर दादाला फोन केला. त्याच्या हाताखाली मी दोन सीझन लग्नं केली होती. तो म्हणाला, "फोटो विकत नसते बाई, वापराले देत असते. पयले इचार, किती थैल्या छापतो, किती दिवस, कुठं कुठं लावतो. मंग भाव." मला हसूच आलं. किती एकर, किती दिवस, पऱ्हे कोण उपडन. हे सगळं माझ्या घरात होतं आणि मी ते शिकायला फोन करत होते.

माय, मी आणि दादा मिळून आकडा काढला. चाळीस हजार. एक वर्ष. फक्त पाच किलोची थैली. बोर्डावर, जाहिरातीत, कॅलेंडरवर नाही. अर्धे पैसे फोटो देण्याआधी. आठ वाटे सारखे, सात त्यांचे, एक माझा. सातही जणींना पुन्हा बोलावलं आणि या वेळी मी विचारलं, "देऊ का?" पाच जणी लगेच हो म्हणाल्या. कौसाबाईने थैली पुन्हा हातात घेऊन पाहिली. शेवटी म्हणाली, "माहं तोंड दिसाले पाह्यजे मंग." सातवी नाही म्हणत होती, नवरा चिडेल म्हणून. नवऱ्याशी बोलून सकाळी आली, हो म्हणाली. नसती म्हणाली तर मी गेले नसते. असं मी आज म्हणते. तेव्हा गेले असते का, माहीत नाही.

सगळं कागदावर लिहिलं. कागद घेऊन मिलला गेले. तांदळाची थैलीही घेतली, न उघडलेली.

आता त्या दिवसाचं शौर्य सांगत नाही, कारण ते नव्हतंच. फाटकाशी पोचले तेव्हा लघवीला लागल्यासारखं झालं, आणि मिलमध्ये बायांसाठी संडास नाही. परत फिरावं असं दोनदा वाटलं. आत गेले तर पाय इतके लटपटत होते की मी समोरच्या रिकाम्या खुर्चीवर बसून गेले. हिंमत म्हणून नाही. उभं राहवत नव्हतं म्हणून. पण मालकाने मान वर करून पाहिलं, दिवाणजीने पाहिलं, आणि मला कळलं की या खोलीत काहीतरी घडलं.

मी थैली टेबलावर ठेवली. खाली नाही, टेबलावर.

"आणला का फोटो?"

"पयले सांगा जी, किती थैल्या छापसान?"

"तुले काय करा लागते?"

मी कागद पुढे केला. त्याने वाचला. हसला. दिवाणजीला दाखवला, तोही हसला.

"चाळीस हजार! एवढ्यात त मी कॅमेराच घेतो. बटन दाबाले का लागते?"

माझे हात टेबलाखाली होते. ओढणीचं टोक बोटांना कधी गुंडाळलं गेलं, मला आठवत नाही.

"मंग कॅमेरा घ्या जी," मी म्हटलं. "फक्त रोवणाऱ्या बायाईले इचारून घ्या."

हसणं थांबलं.

"तुमच्या टोल्यातल्या बायांचा फोटो माह्या थैलीवर येऊन राहिला, हे नशीब समजा. मायले सांग तुह्या. औंदा रोवण्याले बाया दुसऱ्याही गावात भेटते." मग आवाज उतरवून, समजूत घातल्यासारखं म्हणाला, "पाच हजार घे. पेनड्राइव्ह ठेव. जा."

पाच हजार. तो आकडा मला मोठा वाटला, हे कबूल करते. पेनड्राइव्ह पर्समध्ये होता. हात तिकडे गेलाही होता. मायची चाळीस एकर डोळ्यांपुढे उभी राहिली. सातही जणींची ती मजुरी. माझ्या एका तोंडापायी. इतकी घाबरले होते की तिथेच रडले असते.

"नाही पुरत जी," मी म्हटलं.

आवाज माझा होता. शब्द तिचे.

"मी हाच फुटलेला छापतो मंग. तोंडं नाही दिसली त नाही दिसली. बायाच त हायेत."

"छापू नका. फोटो माहा हाय. छापला त मी तक्रार करीन."

कुठे करणार, कशी करणार, मला काही माहीत नव्हतं. उठले. फाटकाबाहेर येईपर्यंत मागे पाहिलं नाही.

त्याने शब्द पाळला. औंदा मायच्या टोळीला बोलावणं आलं नाही. त्याच्या चाळीस एकरात दुसऱ्या गावच्या बाया वाकल्या. आमच्या बाया टेम्पोत उभ्याने लांबच्या गावाला रोवायला जातात, अंधारात निघतात. टेम्पोचं भाडं त्यांच्याच मजुरीतून जातं. कौसाबाई महिनाभर माझ्याशी बोलली नाही. तिच्या सुनेने मला तोंडावर सांगितलं, "तुह्या फोटोपायी गेलं आमचं काम." मी ऐकून घेतलं. ती खोटं बोलत नव्हती. मायने मात्र एकदाही म्हटलं नाही की पाच हजार घ्यायला हवे होते.

थैली अजून बाजारात आलेली नाही. लाखांदूरच्या, पवनीच्या किराणा दुकानांत मी गेले की आधी तांदळाच्या थैल्या पाहते. येईलही एखाद्या दिवशी. त्या दिवसासाठी मूळ फोटो तीन ठिकाणी ठेवला आहे आणि तक्रार कुठे करायची ते आता मला माहीत आहे.

परवा दिवाणजीचा फोन आला. "मालक म्हणते, दहा घे, विषय संपव."

माय समोर बसली होती, पायांच्या चिखल्यांना तेल लावत. बोटांची कातडी सोलून निघालेली. तिने वर पाहिलं नाही. पण तेल लावणारा हात थांबला.

माझा हात कापत होता. फोन दुसऱ्या हातात घेतला, तोही कापत होता.

"आठ वाटे हायेत," मी म्हटलं. "चाळीस."

त्याने फोन ठेवला. पुन्हा करेल किंवा करणार नाही. पुढचा हंगामही जाईल कदाचित. भीती गेली नाही आणि ती जायची वाट पाहत मी बसणार नाही. उद्या दुसरा कुणी मालक येईल, खुर्चीत बसून विचारेल, किती घेशीन. हात तेव्हाही कापतील. कापू देत. "तुमी द्यान ते" आता माझ्या तोंडातून निघणार नाही. आकडा मी सांगीन. आधी सांगीन. आणि तो ठरेपर्यंत चिखलात पाय घालणार नाही.